गरजेचा दाखला

अमेरिकेत रेसिडेन्सी करायला निघालेल्या आपल्याकडच्या डॉक्टरची फाईल जाडजूड असते. एमबीबीएसची पदवी, वर्षावर्षाच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, युएसएमएलई या अमेरिकी परीक्षेचे निकाल, तिथल्या रुग्णालयाचं पत्र. हे सगळं त्याने किंवा तिने रात्री जागून मिळवलेलं असतं. जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसावर जायचं असेल तर मात्र आणखी एक कागद लागतो, आणि तो अभ्यास करून मिळत नाही. तो दिल्लीहून, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून यावा लागतो. त्याचं नाव ‘स्टेटमेंट ऑफ नीड’. आपल्या भाषेत, गरजेचा दाखला. मजकूर दोन-तीन वाक्यांचाच: अमुक विषयातल्या तज्ज्ञांची आमच्या देशाला गरज आहे, आणि शिक्षण पुरं झालं की मायदेशी परत येऊ असं या डॉक्टरने लिहून दिलं आहे.

वर्ध्याला लागून दोन मेडिकल कॉलेजं आहेत, एक सेवाग्रामचं आणि एक सावंगी मेघेचं. तिथून बाहेर पडून परदेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या धावपळीत हा कागद म्हणजे आणखी एक हेलपाटा असतो. मला तो कागद फार मोलाचा वाटतो. शिकायला परदेशी निघालेल्या डॉक्टरला विचारावेत असे दोन्ही प्रश्न त्यात आहेत: गरज कुणाची, आणि परत येणार का? सरकारने ते छापण्याच्या कितीतरी आधी माणसांनी ते स्वतःला विचारले होते. त्यांचा माग काढत गेलं की वाट पुन्हापुन्हा वर्ध्याला येऊन मिळते.

या दाखल्याचं मूळ एका सतरा वर्षांच्या मुलीच्या भाषणात आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का निघालो आहोत हे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. हिंदुस्थानात बाई डॉक्टरची गरज आहे, हे त्यांचं कारण होतं. त्यामागे त्यांचं स्वतःचं दुःख होतं. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. परत येऊन आपल्याच माणसांत राहीन, हेही त्यांनी त्याच सभेत सांगून टाकलं. गरज कुणाची ते त्यांनी सांगितलं आणि परतीचा शब्दही दिला. कुणी मागितला नव्हता तरी दिला.

७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची नेमणूक त्यांच्यासाठी ठरलेली होती. पण परतल्या त्या क्षय घेऊनच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यात, ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना अमेरिकेत रेसिडेन्सी सुरू करण्यापूर्वी ज्या ‘ईसीएफएमजी’चं प्रमाणपत्र लागतं, तिचं मुख्यालय आज त्याच फिलाडेल्फियात आहे. वर्ध्याहून अर्ज जातो तो आनंदीबाईंच्या गावी.

त्यानंतरची पन्नास वर्षं विलायतेची होती. इंडियन मेडिकल सर्व्हिससारख्या बड्या नोकरीची परीक्षा लंडनला, आणि एम.आर.सी.पी., एफ.आर.सी.एस. ही अक्षरं पाटीवर हवी असतील तर तीही तिथूनच आणावी लागत. आपल्या पदव्या चालतात की नाही हेसुद्धा तिथेच ठरे. १९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली. इथल्या विद्यार्थ्यांना बाळंतपणाचं शिक्षण पुरेसं मिळत नाही, असा आक्षेप होता. त्या धक्क्यातून १९३३ चा कायदा आणि आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली.

याच काळात वर्ध्याचं नाव या गोष्टीत येतं. गांधीजींना तरुणपणी विलायतेला जायचं होतं ते डॉक्टर व्हायला. वैष्णवाने मढी फाडणं वडिलांना पसंत नव्हतं, असं सांगून भावाने तो विचार मोडून काढला, म्हणून ते बॅरिस्टर झाले. तेच गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. खेडं कसं आजारी पडतं हे तिथे त्यांच्या अंगणातच दिसत होतं: हगवण, खरूज, हिवताप, पटकी.

दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात शिकलेली सुशीला नय्यर ही तरुण डॉक्टर गांधीजींचे सचिव असलेले भाऊ प्यारेलाल यांच्यामागोमाग इथे आली. लवकरच पटकीची साथ आली आणि तिने जवळपास एकटीने ती हाताळली. १९४२ मध्ये ती बापू आणि कस्तुरबांबरोबर आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होती. कस्तुरबा तिथेच गेल्या. सुटून आल्यावर सेवाग्रामात तिने दवाखाना सुरू केला, त्याचंच पुढे कस्तुरबा रुग्णालय झालं. गांधीजींच्या हत्येनंतर सुशीलाबाई अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये त्या परतल्या.

त्यांनी विषय कोणता निवडला तो पाहा. एम.डी. त्या आधीच होत्या. शस्त्रक्रियेकडे किंवा हृदयरोगाकडे वळता आलं असतं. पण पटकीच्या साथीत पाहिलेलं त्यांच्या मनात होतं: एकेका रोग्याला औषध देत राहिलं तरी विहिरीचं पाणी तसंच राहतं. त्यांच्या गरजेचा दाखला सेवाग्रामच्या त्या विहिरींनी दिला होता, असं मला वाटतं.

याच वर्ध्यातली दुसरी गोष्ट न जाण्याची आहे. ठाकुरदास बंग इथल्या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत. भारत छोडो आंदोलनातला तुरुंगवास संपल्यावर अमेरिकेत पुढचं शिक्षण घ्यायचं त्यांचं ठरलं. आशीर्वाद घ्यायला ते बापूंकडे गेले. अर्थशास्त्र शिकायचं तर अमेरिकेऐवजी खेड्यात जा, एवढंच बापू म्हणाले. बंगांनी अमेरिकेचे कागद फाडून टाकले आणि विद्यार्थ्यांना घेऊन ते खेड्यात राहायला गेले. ही हकिकत त्यांचे चिरंजीव डॉ. अभय बंग अनेकदा सांगतात.

अभय बंग वाढले ते सेवाग्रामच्या वातावरणात. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात ते आणि डॉ. राणी बंग शिकले, आणि मग दोघं वर्धा जिल्ह्यात काम करायला आले. कान्हापूरसारख्या गावांत दवाखाना चालवताना त्यांना दोन गोष्टी दिसल्या. शेतमजुराच्या आजाराचं मूळ त्याच्या मजुरीत असतं. आणि रोजगार हमीची मजुरी किती असावी याचा हिशेब आकड्यांनी मांडला की सरकारला तो ऐकावा लागतो. संशोधनात किती बळ आहे ते तिथे कळलं, आणि ते रीतसर शिकायला दोघं जॉन्स हॉपकिन्सला गेले. म्हणजे बडी बहनजी, सेवाग्राममध्ये सुशीलाबाईंना याच नावाने हाक मारत, जिथे शिकल्या तिथेच. वडिलांनी ज्या देशाची वाट सोडली त्या देशात मुलगा गेला, पण बापूंचं ते वाक्य बरोबर घेऊन.

१९८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी त्यांनी केली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. १९८९ मध्ये यावरचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि बाळंतपण सोडून बायकांना दुसरी दुखणी असतात हे जगाच्या आरोग्यधोरणात आलं. १९९९ चा निबंध नवजात बाळांचा. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली, तेव्हा हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते ते २५ वर आले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, ताप पाहते, त्यामागे हे काम आहे. बाल्टिमोरला ज्ञान मिळालं हे खरं. पण ते कशासाठी घ्यायचं, हे ठरलं होतं कान्हापूरला.

दरम्यान अमेरिकेचे नियम कडक होत गेले. १९४८ साली तिथे परदेशी विद्यार्थी आणि तज्ज्ञांसाठी देवाणघेवाणीचा व्हिसा आला. शिकावं आणि परत जाऊन आपल्या देशाला ते द्यावं, ही कल्पना. लोक परतेनात, म्हणून १९५६ मध्ये दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आली. त्याच वर्षी ईसीएफएमजी स्थापन झाली आणि १९५८ मध्ये तिची पहिली परीक्षा झाली. १९७५ मध्ये ब्रिटननेही भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता थांबवून परदेशी डॉक्टरांची परीक्षा सुरू केली. तीच आजची प्लॅब. १९७६ च्या अमेरिकी कायद्यात, आता आमच्याकडे डॉक्टर पुरेसे आहेत, असं स्पष्ट म्हटलं गेलं, आणि परदेशी डॉक्टरने परतीचा शब्द द्यावा आणि त्याच्या विद्येची देशाला गरज आहे अशी लेखी हमी त्याच्या सरकारने द्यावी, असं ठरलं. गरजेचा दाखला जन्मला तो इथे. आनंदीबाईंनी उभं राहून आपल्या तोंडाने सांगितलेलं आता शिक्क्यानिशी कागदावर आलं.

कागद आला तशी त्यातून सुटायची वाटही आली. १९९४ मध्ये नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या पुढाकाराने कायदा झाला. जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं, तर परतीची अट माफ. अमेरिकेतल्या खेड्यांनाही डॉक्टर हवाच होता, आणि आपली मुलं तिथे मनापासून काम करतात. त्यांना मी दोष देणार नाही. रोगी कुठलाही असो, त्याचं दुखणं खरंच असतं. पण दाखल्यावर लिहिलेली गरज आपल्या गावांची होती आणि ती भागली दुसऱ्या देशातल्या गावांची, ही खंत राहतेच. आपल्या सरकारने २०११ मध्ये डॉक्टरांना ‘परतायचं बंधन नाही’ असं प्रमाणपत्र देणं थांबवलं. त्यामुळे एक दार बंद झालं, परतणारी पावलं मात्र त्याने तयार झाली नाहीत.

सेवाग्रामने निराळा उपाय केला. केंद्रीय आरोग्यमंत्रिपदाचा काळ संपल्यावर सुशीलाबाईंनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस उभं केलं. ‘नीट’ ही देशभराची परीक्षा येईपर्यंत इथल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. पहिल्या वर्षाची मुलं आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात: पहाटेची प्रार्थना, झाडलोट, सूतकताई, अंगावर खादी. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि शिबिर करून तिथे राहते. पुढे इथेच एम.डी., एम.एस. करू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना संस्थेने आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करण्याची अट घातली. शरीररचनेचं पुस्तक पुरतं उघडण्याआधी अठरा वर्षांची मुलगी एखाद्या घराच्या ओट्यावर बसते आणि विचारते, मावशी, घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, शेवटचं बाळंतपण कुठे झालं? मावशीच्या उत्तरातून तिला जे कळतं तो तिचा गरजेचा पहिला दाखला.

या शिक्षणाचा परदेशी विद्येशी झगडा नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात सेवाग्रामच्या रुग्णालयातला एक अभ्यास छापून आला. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर केलेल्या त्या कामात ७२६ डॉक्टर, नर्स आणि विद्यार्थी तपासले गेले, आणि जवळपास निम्म्यांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग पोचलेला आढळला. रोग्याची सेवा करताना त्याच्या खोकल्यातून काय घरी येतं, हा प्रश्न सेवाग्रामच्या वॉर्डातला होता आणि तपासायची नवी रीत बाहेरून आली होती. अशी देवाणघेवाण व्हावी म्हणूनच तर १९४८ चा तो व्हिसा निघाला होता.

पदवीच्या मान्यतेपुरती तरी जाणाऱ्यांची वाट आणखी सोपी झाली आहे. २०२३ मध्ये आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांची मान्यता मिळाली. सेवाग्राम-सावंगीची मुलं जातील, जावीत. शिकण्यासारखं जिथे आहे तिथे डॉक्टरने गेलंच पाहिजे. माझं मागणं एवढंच, की दाखला दिल्लीहून येण्याआधी त्यांनी तो एकदा इथे मिळवावा.

तो मिळतो कस्तुरबा रुग्णालयाच्या ओपीडीत, सकाळी आठला. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, पार तेलंगणापासून माणसं आलेली असतात. एखादी म्हातारी पदराची गाठ सोडते. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चार घड्या पडलेला केसपेपर. घड्यांवर शाई पुसलेली असते. ती तो समोरच्या तरुण डॉक्टरच्या हातात देते आणि म्हणते, “पाह्य बाप्पा, मागच्या खेपेले होता तो डॉक्टर आता न्हाई म्हन्तेत. तू त राह्यशीन ना?”

अमेरिकी कायद्यातला दुसरा प्रश्न तिने वऱ्हाडीत विचारलेला असतो. त्याचं उत्तर त्या तरुणाने तिथे लगेच द्यावं असं नाही. फक्त जाताना तो केसपेपर लक्षात ठेवावा, आणि कोणता विषय शिकायचा हे ठरवताना एकदा मनात उघडून पाहावा.