चावीच्या फोनोपासून मोठ्या स्पीकरपर्यंत

बचत गटाच्या बैठकीत हल्ली एक तक्रार कानावर येते. घरात मोठा स्पीकर आला, पण तासाभरात डोकं जड होतं. कोणी वयावर ढकलतं. मला ते पटत नाही; कारण बरंचसं इतिहासात आहे.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावायचं. मग उठा, तबकडी बदला, सुई बदला, चावी भरा. वैताग खरा, पण तेवढ्यात कानाला आपसूक विसावा मिळे. आवाजाचं बटणही नव्हतं. हळू हवं तर नरम सुई लावायची. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि एक बाजू वीस मिनिटांच्या पुढे गेली. १९८२ साली सीडी आली, तासभर उठायलाच नको. आता मोबाईल जोडला की गाणी रात्रभर संपत नाहीत.

दुसरा बदल १९९० नंतर बळावला. आपलं गाणं शेजारच्यापेक्षा दणदणीत वाटावं म्हणून कंपन्या हळू जागा वर उचलू लागल्या, मोठ्या जागा दाबू लागल्या. जुन्या गाण्यात मध्येच आवाज खाली येतो, कान सैल होतो. इथे सगळ्याच भाज्यांना सारखं तिखट!

१९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाज हळू असला की खर्ज आपल्याला फारच कमी ऐकू येतो. म्हणून हळू गाणं पोकळ वाटतं आणि हात बटणाकडे जातो. त्यासाठीच काही अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असतं. हळू ऐकताना ते लावा, मोठ्यानं ऐकताना बंद ठेवा. आवाज बोचत असेल तर ट्रेबल कमी करा. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा, कोपऱ्यात तो घुमतो.

आपल्या शिवणाऱ्या बायकांचं मात्र वेगळं आहे. मशीनची घरघर झाकायला स्पीकर वाढवला की कानावर दोन्हींचा मारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज कमी करा. गाणं बंद केल्यावरही कानात शिट्टी वाजत राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.