नर्सची परीक्षा नक्की किती वेळा?

परवा अंबडहून आत्याचा फोन आला. आतेबहीण पुढच्या महिन्यात मुंबईला अमेरिकेच्या नर्सिंगची परीक्षा द्यायला येतेय. आत्या स्वतः रिटायर्ड स्टाफ नर्स, त्यामुळे थेट मुद्द्यावर आली. "अरे, ती पास झालीय, रजिस्ट्रेशन झालंय, चार वर्षं वॉर्डात काम करतेय. मग परत परीक्षा कशाला? आणि नापास झाली तर इथलं रजिस्ट्रेशन पण जातं का?"

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, शनिवारी वाचून सांगतो. वाचायला बसलो आणि थेट निजामाच्या काळात जाऊन पोचलो!

मुंबई इलाख्यात नर्सेसच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे तो कायदा इथे लागूच नव्हता. मुळात नर्सेस तरी किती होत्या? १९४६च्या भोर समितीने हिशोब मांडला: अख्ख्या देशात सुमारे ७,०००, म्हणजे साधारण ४३,००० माणसांमागे एक. पुढच्याच वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. शिक्षणाचा दर्जा देशभर सारखा असावा हा त्याचा हेतू, पण नर्सचं नाव नोंदवायचं काम राज्यांकडेच राहिलं. मराठवाडा १९४८ला मुक्त झाला, १९५६ला मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात. मग १९६६चा महाराष्ट्र परिचारिका कायदा झाला आणि सगळ्या राज्याचं रजिस्टर एक झालं.

आत्या १९८०ची जीएनएम. तेव्हा जालना जिल्हासुद्धा झाला नव्हता, तो झाला १९८१ला. तिची परीक्षा घेतली नर्सिंग कौन्सिलने आणि नाव नोंदवलं तेही त्याच कौन्सिलने. त्यामुळे तिच्या दृष्टीने पास होणं आणि नर्स होणं ही एकच गोष्ट. आता जीएनएमची परीक्षा वेगळं मंडळ घेतं आणि बीएस्सीची नाशिकचं आरोग्य विद्यापीठ. पण पास झालं की कौन्सिलकडे अर्ज करायचा, मध्ये आणखी परीक्षा नाही, ही रीत तशीच आहे.

अमेरिकेत या दोन गोष्टी वेगळ्या. कॉलेज पदवी देतं, परवाना राज्याचं बोर्ड देतं. १९०३ साली नॉर्थ कॅरोलायनाने पहिला नोंदणी कायदा केला, मग प्रत्येक राज्याची आपापली परीक्षा. १९४४ला त्यांनी प्रश्न एकत्र केले, १९८२ला त्या परीक्षेचं नाव एनक्लेक्स झालं आणि १९९४पासून ती कॉम्प्युटरवर आली. तिथे शिकलेल्या मुलींनाही ती द्यावीच लागते. म्हणजे आपल्या पोरीवर काही खास अविश्वास नाही.

आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ही परीक्षा बायनरी सर्चच्या जवळची आहे. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न साधारणपणे अवघड, चुकलं की सोपा. उमेदवार पासच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची मशीनला ९५ टक्के खात्री झाली की परीक्षा बंद. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. म्हणून ८५ला स्क्रीन बंद पडली तरी रडायचं नाही, त्यावरून पास-नापास काहीच कळत नाही. आणि सगळा पेपर अवघड वाटला तर घाबरायचं नाही. प्रत्येकीला तिला जेमतेम झेपतील असेच प्रश्न येतात.

रात्री आत्याला हे सगळं सांगितलं. निजाम, नॉर्थ कॅरोलायना, बायनरी सर्च, काही सोडलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते राहू दे. रजिस्ट्रेशन जातं का ते सांग."

"नाही गं. इथलं नाव इथल्या रजिस्टरमध्येच राहतं, फक्त दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. आणि नापास झाली तर ४५ दिवसांनी परत बसता येतं."

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली. "तिला देते फोन. हे शेवटचं तेवढं तिला सांग. आठ दिवस झाले, पोरगी नीट जेवली नाहीये."