गडावरचा हिशेब

संरक्षण खात्याच्या हिशेबतपासणीत माझी नोकरी गेली. बिल, कोठारातली नोंद आणि प्रत्यक्ष माल यांचा मेळ बसतो का, एवढंच आम्ही पाहायचो. त्या सवयीने सभासदाची बखरही मी लढायांसाठी कमी आणि गडावर कोणाच्या हाती काय होतं, यासाठी जास्त वाचतो.

शिवाजी महाराजांनी गड एका माणसाच्या भरवशावर टाकला नाही. हवालदार, सरनोबत आणि सबनीस तिघे एका दर्जाचे. कारभार त्यांनी मिळून करायचा. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि जमाखर्च सबनिसाकडे, धान्य आणि युद्धसाहित्याचं कोठार कारखानिसाकडे. चोरी करायची तर आधी एवढ्या जणांचं जमायला हवं! ते जमू नये म्हणून माणसं वेगवेगळ्या जातींची नेमत, असं न्यायमूर्ती रानड्यांनी लिहिलंय. आज तो उपाय कोणी सुचवणार नाही, सुचवूही नये. पण सोयरेधायरे एकत्र आले की वही आणि कोठार एकच बोलू लागतात, ही त्यामागची धास्ती खरी होती.

फौजेचंही तसंच. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी व्हायची आणि परतल्यावर झडती. लूट सरकारजमा, पगार रोख. चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी पाठवलेलं पत्र तर आमच्या खात्यात भिंतीवर लावावं असं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आणि दाणा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, असं त्यात बजावलंय. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गंजी जळतील, इथपर्यंत काळजी! कोठाराची नासाडी शेवटी रयतेच्या अंगावर येते, हे इतक्या उघडपणे मी दुसऱ्या कुठल्या सरकारी कागदात वाचलेलं नाही.

हे नियम पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, जास्त तपशिलाने येतात. दारूकोठार वस्तीपासून लांब ठेवावं, हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन दारूला ऊन द्यावं आणि पुन्हा मोहर करावी. हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार, सबनीस आणि कारखानीस पाच. एकाच वेळी सगळे बदलत नाहीत, म्हणजे नव्याला जुना पाहणारा कोणीतरी असतोच. संवेदनशील खुर्चीवर ठरावीक काळानंतर माणूस बदलायचा, हा नियम आमच्याकडेही होता. मुदतवाढीचे अर्जही होते.

याच आज्ञापत्रात नवी वतनं देऊ नयेत, वतनदार म्हणजे राज्यातले छोटे राजेच, असा इशारा आहे. तो लिहिणाऱ्या अमात्यांच्या घराण्याकडे मात्र बावड्याची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पंतांची योग्यता मोठी होती, यात शंका नाही. पण हिशेबतपासनीस म्हणून ही नोंद मी लाल शाईनेच करीन.