सायकल, थंडी आणि रद्दी पेपर

गेल्या वर्षी माझी पुतणी मनालीहून लेहला सायकलवरून जायला निघाली. निघण्याआधी आठ दिवस ती घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही आयुष्यभर सायकल चालवलीत. तिकडच्या थंडीला किती जाड जॅकेट घेऊ, सांगा." मी म्हटलं, "जाड घेऊच नकोस. आणि हो, सोबत थोडा रद्दी पेपर ने." ती माझ्याकडे बघतच राहिली. काकांचं आता वय झालं, असं तिला वाटलं असणार!

वय झालं हे खरंच आहे. पण रद्दी पेपरचं मी थट्टेनं म्हटलं नव्हतं. सायकलवर बसलेला माणूस थंडीशी कसा झगडत आला, याला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात वर्तमानपत्राच्या पानाला मानाची जागा आहे. आज तीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करतो. साल १९७४, महिना डिसेंबर. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. कारखान्यातला कामगार, कॉलेजातला विद्यार्थी, दूधवाला, पेपरवाला, सगळे सायकलवर. थंडीतला आमचा पोशाखही ठरलेला. डोक्याला कानटोपी नाहीतर मफलर, अंगात आईनं विणलेला स्वेटर आणि चेनमध्ये विजार अडकू नये म्हणून घोट्यापाशी क्लिप. आम्ही तिघे मित्र पहाटे चार वाजता वाईला जायला निघालो. थंडी अगदी मी म्हणत होती. मी दोन सुती बनियन, त्यावर जाड सदरा आणि त्यावर दोन स्वेटर असा जामानिमा केला होता.

कात्रजचा घाट चढता चढता मी घामानं निथळलो. बोगदा ओलांडला आणि पलीकडचा उतार लागला. दोन-तीन मिनिटांत पाठीला चिकटलेले ओले बनियन बर्फासारखे गार झाले. स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जात होता. बोटं अशी आखडली, की ब्रेक दाबला जातोय की नाही तेच कळेना. एका वळणावर समोरून ट्रक आला. सायकल कडेच्या खडीत घातली म्हणून वाचलो. गुडघे फुटले, पण जिवावरचं गुडघ्यावर निभावलं.

खाली चहाच्या टपरीवर पोहोचलो, तर हातात ग्लास धरवेना. तिथे एक वयस्क दूधवाले चहा पीत बसले होते. सायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. अंगात फक्त एक सदरा आणि बंडी. माझा अवतार पाहून ते म्हणाले, "एवढं अंगावर चढवलंत कशाला? घाम आला की माणूस गारठतो. वारा अडवा, वारा!" आणि त्यांनी बंडीची बटणं काढून दाखवली. सदरा आणि बंडी यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी होती. टपरीवाल्याकडून भज्यांसाठी ठेवलेली रद्दी मागून घेतली, ओले बनियन काढून टाकले, छातीवर पेपर लावला आणि वाईपर्यंत पुन्हा म्हणून थंडी वाजली नाही.

दूधवाल्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, त्यातच सगळं शास्त्र आलं. पायी चालणाऱ्याला फक्त निसर्गाचा वारा लागतो. सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच तयार करतो. १९४१ साली पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघा संशोधकांनी अंटार्क्टिकावर एक साधा प्रयोग केला. पाण्यानं भरलेलं लहानसं नळकांडं वाऱ्यात ठेवायचं आणि पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. वारा जितका जोराचा, तितकं पाणी लवकर गोठे. त्यातून पुढे वाऱ्याच्या गारठ्याचा हिशेब आला. २००१ साली सुधारलेल्या सूत्राप्रमाणे हवा शून्य अंशावर असताना ताशी ५० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या कातडीला ती उणे ८ अंशांसारखी भासते. घाटाच्या उतारावर सायकल हा वेग सहज गाठते. त्यात पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणजे घामानं भिजलेला सुती कपडा थंडीपासून वाचवत नाही, उलट अंगातली ऊब चोरतो. चढावर घाम आणि उतारावर वारा, सायकलस्वाराची खरी अडचण आहे ती ही.

ही अडचण पहिल्या पिढीच्या सायकलस्वारांनाही भेडसावली. १८८० च्या दशकात जर्मनीतले डॉ. गुस्टाफ येगर यांनी माणसानं अंगालगत लोकरच घालावी, असा प्रचार चालवला होता. १८८४ साली लंडनमध्ये त्यांच्या नावाचं लोकरी कपड्यांचं दुकान निघालं. नाटककार बर्नार्ड शॉ या लोकरपंथाचे मोठे भक्त. पुढे तेही सायकलच्या नादी लागले आणि १८९५ साली तरुण बर्ट्रांड रसेल यांच्या सायकलशी टक्कर करून बसले! लोकर शरीरातली दूषित द्रव्यं बाहेर टाकते, ही येगर यांची उपपत्ती चुकीची होती. पण सायकलस्वारांपुरता त्यांचा सल्ला मात्र अचूक ठरला. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा शोषून घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणूनच त्यापुढे जवळपास नव्वद वर्षं शर्यतीतले सायकलस्वार लोकरी जर्सी घालत आले.

लोकरीनं घामाचा प्रश्न बराचसा सोडवला, वाऱ्याचा मात्र सुटला नाही. आणि इथेच वर्तमानपत्र आलं. फ्रान्सची प्रसिद्ध 'टूर द फ्रान्स' शर्यत १९०३ साली 'लोतो' नावाच्या वर्तमानपत्रानं खप वाढवण्यासाठी सुरू केली. त्या पत्राचा कागद पिवळा, आणि शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची जर्सीही पिवळी. इटलीची 'जिरो' शर्यत १९०९ साली 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'नं सुरू केली. तिचा कागद गुलाबी, म्हणून तिथली मानाची जर्सी गुलाबी. १९१० साली टूरनं स्पर्धकांना पिरेनीज पर्वतातल्या २११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीवर चढवलं. अशा खिंडीच्या माथ्यावर प्रेक्षक वर्तमानपत्रं घेऊन उभे राहू लागले. स्पर्धक माथ्यावर आला, की ते हातातला पेपर पुढे करत. तो चालत्या सायकलवरच जर्सीखाली छातीवर सरकवायचा आणि उतारावर सुटायचं. ज्या वर्तमानपत्रांनी या लोकांना डोंगरात पाठवलं, त्यांच्याच कागदानं त्यांच्या छातीचं रक्षण केलं. कागद वारा अडवतो, घड्यांमध्ये हवा धरून ठेवतो, थोडा घाम टिपतो आणि खाली उतरल्यावर फेकून देता येतो. एवढे गुण असलेला दुसरा कपडा इतक्या स्वस्तात कुठे मिळणार?

छाती सांभाळली तरी बोटांचं काय? हात हँडलवर सर्वांत पुढे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडी. इटलीचा तुलिओ कांपान्योलो १९२७ साली एका शर्यतीत गोठलेल्या बोटांमुळे चाकाचे नट सोडवू शकला नाही आणि त्यातूनच त्याला झटकन चाक काढण्याची कळ सुचली, अशी कथा सायकलवाले आजही रंगवून सांगतात. पण प्रत्येक गोठलेल्या बोटातून शोध लागत नाही. २० एप्रिल १९८० रोजी बेल्जियममधल्या लिएज-बास्तोन-लिएज शर्यतीत सुरुवातीलाच बर्फ पडू लागला. १७४ जण निघाले होते, शेवटपर्यंत पोहोचले फक्त २१. फ्रान्सचा बर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक आघाडीनं जिंकला. मात्र त्याच्या दोन बोटांना त्या दिवसाची इजा कायमची राहिली. इतक्या मोठ्या खेळाडूलाही थंडीनं आपली किंमत मोजायला लावलीच.

या इतिहासातला सर्वांत बोलका दिवस म्हणजे ५ जून १९८८. जिरो शर्यत इटलीतल्या गाविया खिंडीवर आली. उंची २६२१ मीटर, रस्ता काही भागात कच्चा आणि जून महिन्यात चक्क हिमवादळ! नेदरलँड्सचा योहान फान डर वेल्डे आखूड बाह्यांची जर्सी घालून, हातमोजे न घालता सर्वांच्या आधी माथ्यावर पोहोचला. चढावर त्याला काही जाणवलं नाही, कारण अंग तापलेलं होतं. उतार सुरू झाला आणि तो गोठला. आडोसा शोधून अंग शेकावं लागलं. त्या दिवशीच्या विजेत्यानंतर तो पाऊण तासाहून अधिक उशिरानं पोहोचला. उलट अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघानं हवेचा रंग ओळखून आधीच हातमोजे, टोप्या असं सामान गोळा केलं होतं. माथ्याजवळ त्यांची माणसं कोरडे कपडे आणि गरम चहा घेऊन उभी होती. हॅम्पस्टन त्या टप्प्यात दुसरा आला, पण गुलाबी जर्सी त्याला मिळाली आणि आठवड्याभरानं जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला.

या गोष्टीचं मर्म काय? दोघांच्याही पायांत ताकद होती. फरक एवढाच, की एकाला माथ्यावर कोरडा कपडा मिळाला, दुसऱ्याला नाही. कपडे किती घातले, यापेक्षा ते कधी घातले आणि कधी काढले, यावर सगळं ठरलं.

दरम्यान प्रयोगशाळाही स्वस्थ बसल्या नव्हत्या. १९५८ साली जोसेफ शिव्हर्स यांनी लायक्रा हा ताणला जाणारा धागा तयार केला. १९६९ साली बॉब गोर यांना गोअरटेक्सचा शोध लागला. त्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक, की पावसाचा थेंब आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. आज दुकानात मिळणाऱ्या सायकलिंगच्या पोशाखात तीन थर असतात. अंगालगत घाम ओढून घेणारा, मध्ये ऊब धरणारा आणि वर वारा अडवणारा. नीट पाहिलं तर सदरा, पेपर आणि बंडी या दूधवाल्यांच्या पोशाखाचीच ही धनवान भावंडं!

पुतणीला मी हेच सांगितलं. अंगालगत सुती कपडा नको. निघताना पहिली पाच-दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. ती वाजत नसेल, तर तू जास्त कपडे घातलेस असं समज. चढ लागण्याआधी वरचा कपडा काढायचा आणि माथ्यावर पोहोचल्यावर फोटो काढण्याआधी तो चढवायचा. हातमोज्यांचा दुसरा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा. आणि पेपर विसरायचा नाही.

वीस दिवसांनी ती परत आली. वारा-उन्हानं नाक सोललेलं, पण चेहरा फुललेला. म्हणाली, "काका, तांगलांग ला खिंडीवर माझं विंडचीटर बर्फानं भिजून गेलं होतं. सव्वापाच हजार मीटरच्या वर आम्ही, दुसरं काही जवळ नव्हतं. तेव्हा तुमचा पेपर काढला. सगळे हसले." "मग?" मी विचारलं. "मग उतार निम्मा झाल्यावर थांबलो, तेव्हा दोघांनी उरलेली पानं मागून घेतली."

त्या टपरीवरच्या दूधवाल्यांचं नावही मी त्या दिवशी विचारलं नव्हतं. त्यांच्यामागे कोणता संघ नव्हता, माथ्यावर चहा घेऊन कुणी उभं नव्हतं. होती ती रोज पहाटे दूध पोचवायची जबाबदारी आणि जवळ एक शिळा पेपर. त्यांचं शहाणपण माझ्यामार्फत पन्नास वर्षांनी लडाखपर्यंत पोहोचलं. तेव्हा येत्या थंडीत सायकल काढाल, तर हे पान वाचून झाल्यावर लगेच रद्दीत टाकू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)