‘वीव्हर्स’ : अमेरिकेंतील एक गायकमंडळी

लोकगीत बाजारांत आलें म्हणजे तें बाटलें, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. उलटपक्षीं, बहुजनांना जें रुचलें तेंच बहुजनांचें, असें मानणारेही थोडे नाहींत. या दोन्ही मतांची कसोटी पाहावयाची असेल तर अमेरिकेंतील ‘वीव्हर्स’ म्हणजे ‘विणकर’ या गायकमंडळीचा इतिहास अवश्य पाहावा, असें आम्हांस वाटतें.

ही मंडळी १९४८ सालीं न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या भागांत जमली. सायलेशियांतील विणकरांच्या १८४४ च्या बंडावर गेर्हार्ट हाउप्टमान या जर्मन नाटककारानें जें नाटक लिहिलें, त्यावरून हें नांव घेतलेलें आहे. मंडळींत चौघें होतीं. पीट सीगर (जन्म १९१९) हा एका संगीतशास्त्रज्ञाचा मुलगा. हार्वर्डचें शिक्षण अर्धवट टाकून त्यानें बँजो जवळ केला. ली हेज (जन्म १९१४) हा आर्कन्सा संस्थानांतील एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाचा पुत्र; प्रार्थनामंदिरांतील सामुदायिक गायन त्याच्या खर्जांत मुरलेलें होतें. रॉनी गिल्बर्ट (जन्म १९२६) व गिटार वाजविणारा फ्रेड हेलरमन (जन्म १९२७) हीं दोघें न्यूयॉर्कमधील ज्यू कुटुंबांतलीं. रॉनीचा आवाज मोठा धारदार. तीन पुरुषांच्या मागें राहून साथ करणें तिला ठाऊकच नव्हतें.

सीगर व हेज हे पूर्वीं ‘अल्मनॅक सिंगर्स’ या मंडळींत वुडी गथ्रीबरोबर कामगारांच्या सभांतून गात असत. नव्या मंडळीस मात्र आरंभीं पोटापुरतेंही मिळेना. मंडळी मोडण्याच्या बेतांत असतांना १९४९ च्या डिसेंबरांत ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरांतील करमणूकगृहांत तिला काम मिळालें. तेथें गॉर्डन जेंकिन्स या वाद्यवृंदसंयोजकानें त्यांचें गाणें ऐकलें, आणि त्याच्या प्रयत्नानें डेक्का कंपनीनें त्यांच्या तबकड्या काढल्या. १९५० सालीं त्यांचें ‘गुडनाइट आयरीन’ हें गाणें सतत १३ आठवडे खपाच्या यादींत पहिलें राहिलें. जेंकिन्सनें व्हायोलिनांचा असा कांहीं गिलावा दिला होता कीं, बँजो खालीं दबून गेला, ही जाणत्यांची तक्रार खोटी नव्हती. परंतु शेतांतलें, बंदरावरचें, परदेशचें गाणें घरोघर पोंचलें तें या गिलाव्यामुळेंच, हेंही तितकेंच खरें.

ही कीर्तिच त्यांना भोंवली. कम्युनिस्टांविषयींच्या भीतीनें अमेरिकेंत तेव्हां विलक्षण जोर धरला होता. १९५० च्या जूनमध्यें ‘रेड चॅनल्स’ या पुस्तिकेंत सीगरचें नांव आलें. तो तारुण्यांत त्या पक्षाचा सभासद होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण ज्या गाण्यांबद्दल शिक्षा झाली, तीं बहुतेक प्रेमाचीं, अंगाईचीं आणि श्रमाचीं होतीं. १९५२ च्या फेब्रुवारींत हार्वी मॅटुसो नांवाच्या साक्षीदारानें मंडळीविरुद्ध सरकारी समितीपुढें साक्ष दिली. पुढें १९५५ सालीं त्यानेंच आपल्या साक्षी खोट्या असल्याचें पुस्तक लिहून कबूल केलें, व त्यास तुरुंगवास घडला. दरम्यान नाट्यगृहें बंद झालीं, नभोवाणीनें पाठ फिरविली, आणि १९५२ अखेर मंडळी विसर्जित झाली. ज्यांच्या घरीं त्यांच्या तबकड्या होत्या, त्या लाखों कुटुंबांपैकीं फारच थोड्यांनीं तोंड उघडलें. लोकप्रियता हें कवच नव्हे, याहून स्पष्ट धडा क्वचितच मिळेल.

तथापि गाणें मेलें नाहीं. हॅरॉल्ड लेव्हेंथॉल या व्यवस्थापकानें १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं कार्नेगी हॉल या सभागृहांत चौघांना पुन्हां एकत्र आणलें. या वेळीं वाद्यवृंद नव्हता. बँजो, गिटार व चार कंठ एवढीच सामग्री. सभागृह भरून गेलें. त्याच वर्षीं सीगरनें समितीपुढें आपलीं मतें सांगण्याचें नाकारलें होतें. त्याबद्दल १९६१ सालीं त्यास एक वर्षाची शिक्षा झाली, ती १९६२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें रद्द केली. १९५८ सालीं सिगारेटच्या जाहिरातीसाठीं गाण्यावरून मतभेद होऊन तो मंडळींतून बाहेर पडला. त्याच्या जागीं क्रमानें एरिक डार्लिंग, फ्रँक हॅमिल्टन व बर्नी क्रॉस हे आले, आणि १९६४ सालीं मंडळीचें कार्य संपलें. १९८० च्या नोव्हेंबरांत मूळचीं चौघें कार्नेगी हॉलमध्यें पुन्हां गायिलीं. तेव्हां हेज चाकांच्या खुर्चींत होता. पुढील वर्षीं तो वारला. सीगर २०१४ सालीं, रॉनी २०१५ सालीं व हेलरमन २०१६ सालीं निवर्तला.

आतां नाण्याची दुसरी बाजू. ‘आयरीन’ हें गाणें हडी लेडबेटर ऊर्फ ‘लेड बेली’ या निग्रो गायकाकडून आलेलें. १९३३ सालीं लुइझियानाच्या तुरुंगांत असतांना त्याच्या तोंडून तें ध्वनिमुद्रित झालें होतें. त्याचा जगभर गाजावाजा होण्यापूर्वीं कांहीं महिने, ६ डिसेंबर १९४९ रोजीं, तो मरण पावला. ‘विमोवे’ची कथा तर अधिकच खेदाची. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानें १९३९ सालीं जोहान्सबर्ग येथें ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हें गाणें गायिलें. सीगरनें तबकडीवरून तें उतरून घेतांना ‘उयिम्बुबे’ हा शब्द ‘विमोवे’ असा ऐकला. सीगरनें लिंडाला १,००० डॉलर पाठविले. पण गाण्यानें पुढें जें अमाप द्रव्य मिळविलें तें भलत्यांच्याच पदरांत पडलें, आणि १९६२ सालीं लिंडा दारिद्र्यांत मेला. त्याच्या कन्यांना न्याय मिळावयास २००६ साल उजाडावें लागलें.

तेव्हां निवाडा कोणता? बाजारानें गाणें बाटत नाहीं. बाटतो तो हिशेब. ज्यानें सूत कातलें त्याचें नांव वस्त्रावर राहत नाहीं, आणि ज्यानें विणलें त्यालाही संकटसमयीं गिऱ्हाईक ओळखत नाहीं. ‘विणकरां’च्या वांट्याला या दोन्ही गोष्टी आल्या, एकींत ते अन्याय सोसणारे होते, तर दुसरींत, नकळत कां होईना, लाभ घेणारे. त्यांचें मोठेपण मान्य करावयाचें तर तें या दोन्ही बाजूंसकट करावें, हेंच आमच्या मतें इतिहासाला शोभेल.