चेहरेपट्टी ते चेपु

बारशाला जमलेल्या बायकांत एखादी तरी म्हणतेच, ‘चेहरेपट्टी अगदी आत्याची घेतलीय हो!’ म्हणताना तिच्या मनातही येत नाही की हा शब्द मुळात दफ्तरातला आहे. चेहरेपट्टी म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावरच्या खुणांची लेखी नोंद.

हा शब्द मला गेले काही दिवस सारखा आठवतोय, आणि त्याचं कारण आहे आपला कुलवृत्तांत. आपल्यातल्या काही उत्साही मंडळींनी तो नव्याने करायला घेतलाय आणि इतिहास शिकवायची म्हणून तपासायला माझ्याकडे दिलाय. काम आवडीचं आहे. पण त्यांनी आखलेल्या तक्त्यात प्रत्येकाची जन्मतारीख, मोबाईल, पत्ता, माहेरचं नाव, नोकरीचं ठिकाण आणि फोटो असे रकाने आहेत, आणि तयार झाल्यावर त्याची पीडीएफ करून सगळ्यांना पाठवायची असं ठरलंय. तिथे माझा हात अडला. का अडला ते फोनवर एकेकाला सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. ब्लॉगवरच्या इतर मित्रमंडळींनी घरगुती मजकूर म्हणून चालवून घ्यावं.

तर चेहरेपट्टी. मोगल मनसबदाराने ठरलेल्या संख्येइतके स्वार बाळगायचे आणि त्यांचा पैसा घ्यायचा, असा हिशेब असे. प्रत्यक्षात हजेरीच्या दिवशी घोडे उसने आणायचे, बाजारातली चार माणसं उभी करायची, असे उद्योग चालत. (तपासणीच्या दिवशी शेजारच्या वर्गातली मुलं आणून बसवणारे गुरुजी मी पाहिलेत, त्यामुळे मला याचं फार नवल वाटत नाही.) त्यावर अकबराच्या काळात उपाय निघाला. घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचा चेहरा लिहून घ्यायचा. नाव, बापाचं नाव, वय, रंग गव्हाळ की सावळा, कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की सुट्या, दाढी, तीळ, देवीचे वण, जखमेची खूण... औरंगजेब १६५२ साली दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि मलिक अंबरने वसवलेलं आपलं शहर सुभ्याचं ठाणं झालं. त्या काळच्या दख्खनेतल्या स्वारांचे असे चेहरे लिहिलेले कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आजही आहेत. पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या सामान्य शिपायाच्या गालावर कुठे तीळ होता हे आपल्याला कळतं, आणि त्याच्याबद्दल दुसरं काहीच कळत नाही!

त्या शिपायाला कुणी विचारून चेहरा लिहिला नव्हता. पण तो कागद एका कचेरीत, एकाच कामासाठी होता. पगार वाटणाऱ्या कारकुनापलीकडे त्या तिळाशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

दुसरी नोंद आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलं की तीर्थोपाध्याय आधी विचारतात, ‘मूळ गाव कुठलं? आडनाव काय?’ मग कापडात बांधलेली लांबलचक वही उघडते आणि त्यात आपला खापरपणजोबा निघतो, कधी त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या वहीत घराण्याची सगळी माहिती असते, पण वही उपाध्यायांच्या घराबाहेर जात नाही, आणि गाव-कूळ सांगितल्याशिवाय पानही उलटत नाही. या वह्यांना पिढ्यानपिढ्या राखणदार होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिसरी नोंद माझ्या हाताखालून गेलेली. शाळेचं जनरल रजिस्टर! नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात असे, आणि त्यातल्या जन्मतारखेत खाडाखोड करणं म्हणजे नोकरीशी खेळ. अर्थात ती तारीख मुळात खरी असेच असं नाही. आई-वडिलांना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. तेव्हा शाळा जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे हिशेबाला ते सोयीचं पडे. म्हणून तर आमच्या पिढीचा अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी चेपुवर वाढदिवसांचा पूर येतो. (फेसबुकला आम्ही जुने ब्लॉगवाले चेहरापुस्तक उर्फ चेपु म्हणतो. तसंच व्हॉट्सॲपला कायप्पा. नवीन वाचकांसाठी सांगून ठेवलं.) यातल्या कितीजणांच्या एटीएमचा पिन ०१०६ असेल, हा विचार माझ्या मनात येतो तसा चोराच्याही मनात येणारच.

दहावीच्या निकालाचीही गंमत होती. पेपरात नावं नसत, नुसते बैठक क्रमांक छापून येत. गुप्तता पाळण्याची केवढी चोख व्यवस्था! आणि गल्लीतल्या प्रत्येक काकूंना शेजारच्या मुलाचा क्रमांक पाठ असे.

मग ही माहिती गुप्त होती कधी, असं आपली तरुण मंडळी विचारतात. बरोबरच आहे, ती गुप्त नव्हतीच. टेलिफोन डिरेक्टरीत नाव-पत्ता-नंबर उघडा छापलेला असे. लग्नपत्रिकेवर सगळं घराणं असे. विसाव्या शतकात छापले गेलेले जुने कुलवृत्तांत काढून पाहा, लेक कुठे दिली, सून कुणाची आणली, सगळं त्यांत आहे. पण हे सगळं विखुरलेलं होतं. पत्रिका एका घरात, डिरेक्टरी टेबलावर, वही त्र्यंबकला, रजिस्टर शाळेच्या कपाटात. कुणी एक जण उठून हे सगळं एकत्र आणून माझ्यापुढे मांडणं अशक्य होतं. आता ते अर्ध्या तासाचं काम आहे आणि बरंचसं आपणच करून ठेवलेलं आहे.

गेल्या वर्षी माझ्या एका आतेबहिणीला फोन आला. (नाव लिहीत नाही. तिने लिहू नको सांगितलंय, आणि या लेखात तर ते शोभणारही नाही.) बोलणाऱ्याने तिला घरातल्या टोपणनावाने हाक मारली, नातवाचं नाव, त्याचं कॉलेज, त्याच्याकडे कुठली मोटारसायकल आहे तेही सांगितलं, आणि त्याला अपघात झालाय, ताबडतोब पैसे भरा म्हणाला. तिने भरले. नातू तेव्हा खोलीवर झोपलेला होता. ही माहिती चोराने कुठल्या तिजोरीतून काढली नव्हती. नातवाच्या वाढदिवसाला घरच्यांनीच गाडीसकट फोटो टाकला होता आणि खाली मावश्या-काकवांनी टोपणनावासकट आशीर्वाद दिले होते. ती बिचारी स्वतः चेपुवर नाहीच!

इथेच खरा पेच आहे. आपण म्हणतो, ‘माझी माहिती मी जपेन.’ पण माझी माहिती एकट्या माझ्याकडे असतेच कुठे? २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. एक प्रश्नावलीचं ॲप होतं, आणि ते घेणाऱ्याच्या चेपुवरच्या मित्रांची माहितीही त्यातून उचलली गेली. फेसबुकने तेव्हा स्वतःच दिलेला आकडा असा की भारतात ते ॲप अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं, आणि त्यामुळे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता होती. भागाकार करून पाहा. एकेका माणसामागे सोळाशेच्या वर माणसं येतात, आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं.

आणि माहिती चुकीची जोडली गेली तर? त्याचं आपल्याकडचं उदाहरण ऑर्कुटच्या काळातलं आहे. (ऑर्कुट २००४ साली सुरू झालं आणि २०१४ मध्ये बंद पडलं. आपल्यातले कितीतरी जण आधी तिथेच भेटले.) २००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल कुणीतरी अत्यंत हीन मजकूर टाकला. संताप होणारच होता. पुणे पोलिसांनी तो मजकूर कुठून आला याचा शोध घेतला. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक आकडा असतो, आयपी ॲड्रेस. तो आकडा अमुक वेळी कुणाकडे होता, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सांगितलं आणि ऑगस्टच्या अखेरीस बंगळूरहून एका तरुण संगणक अभियंत्याला पकडून आणलं गेलं. तो सुमारे ५० दिवस तुरुंगात होता. नंतर उघड झालं की तो आकडा त्याचा नव्हताच, कंपनीने माहिती चुकीची दिली होती. त्या मुलाने ऑर्कुटवर काय लिहायचं, काय झाकायचं याची कितीही काळजी घेतली असती तरी काही उपयोग झाला नसता. मोगल कारकुनाने भलत्याचा तीळ लिहिला असता तर फार तर पगार अडला असता.

आता कायद्याचं थोडक्यात. ‘खासगी’ हा शब्द आपल्याकडे जुनाच. होळकरांच्या राज्यात दौलत वेगळी आणि राणीची खासगी वेगळी असे. पण तिथे अर्थ उत्पन्नाचा, तोही राजघराण्याच्या. सामान्य माणसालाही खासगी काही असतं, आणि तो त्याचा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. त्यामागे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. ऐंशी उलटल्यावर, २०१२ साली, ते आधार योजनेविरुद्ध न्यायालयात गेले होते. (आधारची सुरुवात २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झाली.) निवृत्त माणसांनी गप्प घरी बसावं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते! त्या निकालात धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला १९७६ चा एक निकाल चुकीचा ठरवला, आणि तो देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी घरात वडिलांची चूक लेखी काढणं किती अवघड, ते आपण जाणतोच.

पुढे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कंपन्यांना टप्प्याटप्प्याने ते पाळायचे आहेत. पण त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. माणसाने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, आणि आपण होऊन जगजाहीर केलेल्या माहितीलाही लागू नाही. म्हणजे आपला कुलवृत्तांत आणि आपला चेपु, दोन्हीकडे आपले राखणदार आपणच.

मग सरळ सगळे रकाने उडवायचे का? इथे माझं मन मागे येतं. माझ्या माहेरची हाताने लिहिलेली वंशावळ आहे. त्यात पुरुषांची नऊ पिढ्यांची नावं आहेत. माझ्या चार आत्यांच्या जागी लिहिलंय, ‘कन्या ४’. बस्स. चारही आत्या मी पाहिलेल्या, एकीने तर मला गणित शिकवलं, आणि कागदावर त्या नुसत्या आकडा! आईचं नाव आता कुठे कागदावर येऊ लागलंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लिहायचं असा राज्य सरकारचा निर्णय झाला. आणि नेमकं आईचं माहेरचं आडनाव हाच बँकेच्या ओळख पटवण्याच्या प्रश्नांतला एक ठरलेला प्रश्न असतो. सुरक्षेपायी बायकांची नावं पुन्हा गाळायची, हे मला पटत नाही. ती राहतील. बँकेला खोटं उत्तर लिहून द्या आणि ते स्वतः लक्षात ठेवा. आईचं माहेर ‘हिमालय’ लिहिलं तरी बँकेचं काही अडत नाही.

म्हणून मी असं ठरवलंय. जन्माचं फक्त साल छापायचं, तारीख नाही. जिवंत माणसाचा मोबाईल आणि घराचा पत्ता नाही, फक्त गाव. शाळकरी मुलांचं नाव आणि पिढी एवढंच, फोटो आणि शाळा नाही. गेलेल्या माणसांबद्दल मात्र मिळेल ते सगळं, तारखा, पत्रं, फोटो, भांडणंसुद्धा. ज्यांना आपलं नाव नकोच असेल त्यांनी कळवावं, कारण विचारणार नाही. आणि छापील दीडशे प्रती, प्रत्येक घराला एक. पीडीएफ नाही. यावर ‘आजी, पीडीएफ फुकट आहे’ असा निरोप आलेला आहेच. छपाईच्या खर्चाला मी माझ्या पेन्शनमधून हातभार लावते, पण या मुद्द्यावर ऐकणार नाही.

तेव्हा जन्मसाल, माहेरचं नाव-गाव आणि आज्यांची खरी नावं (‘मोठी आई’, ‘ताईआजी’ चालणार नाही) दिवाळीपर्यंत पाठवा. कायप्पाच्या ग्रुपवर टाकू नका, मला एकटीला पाठवा. पत्र टाकणार असाल तर आंतर्देशीय टाका, पोस्टकार्ड नको. ते आमच्या गल्लीत माझ्याआधी तिघेजण वाचतात.