विमान मैल आणि कौटुंबिक प्रवास

विमान मैल हे विमान कंपन्या आपल्या नियमित प्रवाशांना देत असलेले गुण होत. ते प्रवाशाच्या नावावरील खात्यात जमा होतात आणि पुढे तिकीट, वरच्या वर्गातील आसन किंवा अन्य सेवा मिळवण्यासाठी वापरता येतात. असे गुण देणाऱ्या योजनेस फ्रिक्वेंट फ्लायर कार्यक्रम म्हणतात. मैल देऊन मिळालेल्या तिकिटास पुरस्कार तिकीट, तर मैल खर्च करण्याच्या क्रियेस मैल वटवणे असे म्हटले जाते.

एका कुटुंबातील व्यक्तींचे मैल बहुधा निरनिराळ्या कंपन्यांच्या खात्यांत विखुरलेले असतात. एका कंपनीचे मैल दुसऱ्या कंपनीच्या खात्यात सहसा मिळवता येत नाहीत. त्यामुळे एकत्र प्रवासासाठी या मैलांचा उपयोग करताना त्यांची बेरीज करण्यापेक्षा कोणत्या खात्यातून कोणाचे आणि कोणत्या टप्प्याचे तिकीट काढायचे, याची वाटणी करावी लागते.

इतिहास

अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण कायद्याने सैल करण्यात आले. भाडे आणि मार्ग ठरवण्याची मोकळीक मिळताच कंपन्यांमध्ये प्रवासी टिकवून ठेवण्याची स्पर्धा सुरू झाली. टेक्सास इंटरनॅशनल एअरलाइन्सने १९७९ मध्ये उडालेल्या अंतरावर आधारित योजना आणली. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ हा कार्यक्रम सुरू केला आणि त्याच वर्षी युनायटेड एअरलाइन्सचा ‘मायलेज प्लस’ आला. पुढील काळात जगातील बहुतेक मोठ्या कंपन्यांनी हा मार्ग स्वीकारला.

भारतात एअर इंडियाचा ‘फ्लाइंग रिटर्न्स’, जेट एअरवेजचा ‘जेटप्रिव्हिलेज’, किंगफिशर एअरलाइन्सचा ‘किंग क्लब’ आणि विस्ताराचा ‘क्लब विस्तारा’ हे कार्यक्रम प्रवाशांच्या परिचयाचे होते. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि एअर इंडियाचा कार्यक्रम ‘महाराजा क्लब’ या नावाने ओळखला जाऊ लागला. इंडिगोने २०२४ मध्येच ‘ब्लूचिप’ हा आपला कार्यक्रम आणला.

मैल जमा होण्याची पद्धत

आरंभी मैल हे नावाप्रमाणे अंतराचे माप होते. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर, म्हणजे ४३० मैलांच्या आसपास भरते. अंतराच्या पद्धतीत स्वस्त आणि महाग तिकिटांना मिळणाऱ्या मैलांत फारसा फरक नसे. पुढे बऱ्याच कंपन्यांनी भाड्याच्या रकमेवर गुण देण्यास सुरुवात केली. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये आणि एअर इंडियाने २०२४ मध्ये हा बदल केला. नाव ‘मैल’ असले तरी आज तो अनेक ठिकाणी खर्चावर मिळणारा गुणच आहे.

विमानप्रवासाखेरीज बँकांच्या क्रेडिट कार्डांवरील खरेदी, हॉटेलातील मुक्काम आणि भाड्याची वाहने यांतूनही मैल मिळू शकतात. काही कार्डांचे गुण कार्डधारकाच्या पसंतीनुसार निरनिराळ्या विमान कंपन्यांच्या खात्यांत वळवता येतात. विखुरलेल्या खात्यांतील तूट भरून काढण्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे. मात्र एकदा वळवलेले गुण सहसा परत कार्डावर आणता येत नाहीत.

विमान संघ

अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन संघ स्थापन केले आहेत. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) हे तीन संघ प्रमुख मानले जातात. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी स्टार अलायन्सची सदस्य झाली. सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, युनायटेड, टर्किश एअरलाइन्स आणि जपानची एएनए या कंपन्याही त्याच संघात आहेत.

संघामुळे मैलांची खाती एक होत नाहीत. मात्र एका कंपनीचे मैल दुसऱ्या सदस्य कंपनीच्या विमानात वापरता येतात. कौटुंबिक प्रवासाच्या दृष्टीने ही सोय फार महत्त्वाची आहे. आईचे मैल सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’ कार्यक्रमात आणि वडिलांचे गुण एअर इंडियाच्या कार्यक्रमात असले, तरी दोघांना आपापल्या खात्यातून एकाच विमानाचे तिकीट काढता येऊ शकते. त्यासाठी त्या विमानात पुरस्कार तिकिटांसाठी राखलेल्या जागा शिल्लक असाव्या लागतात. अशा जागा प्रत्येक उड्डाणात मोजक्याच असतात. दिवाळी व उन्हाळी सुटीच्या दिवसांत एका वेळी चार जागा मिळणे अवघड जाते.

ब्रिटिश एअरवेज, कतार एअरवेज, इबेरिया आणि फिनएअर यांच्या कार्यक्रमांत ‘एव्हिओस’ हे एकच चलन चालते. एकाच व्यक्तीच्या नावावरील एव्हिओस या कंपन्यांच्या खात्यांमध्ये परस्पर हलवता येतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे मैल खऱ्या अर्थाने एकत्र येण्याचे हे विरळ उदाहरण आहे.

कुटुंबासाठी मैलांची वाटणी

वाटणीची गरज पुढील काल्पनिक उदाहरणावरून लक्षात येते. एका कुटुंबातील तिघांची खाती तीन वेगळ्या कार्यक्रमांत असून त्यांत अनुक्रमे १८,०००, १३,००० आणि ९,००० मैल आहेत. प्रत्येक कार्यक्रमात एका तिकिटास १०,००० मैल लागतात असे मानू. कागदावर बेरीज ४०,००० होते आणि चार तिकिटे निघतील असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या खात्यातून एक, दुसऱ्यातून एक आणि तिसऱ्यातून एकही नाही, अशी दोनच तिकिटे निघतात आणि २०,००० मैल पडून राहतात. तिसऱ्या खात्यात कार्डाचे १,००० गुण वळवता आले, तर तिसरे तिकीट मिळते. म्हणून एकूण बेरजेपेक्षा कोणते खाते तिकिटाच्या जवळ पोहोचले आहे, हे पाहणे उपयुक्त ठरते.

वाटणीचे प्रकार मुख्यतः तीन आहेत.

व्यक्तीनुसार वाटणी : प्रत्येक खात्यातून कुटुंबातील एकेका व्यक्तीचे तिकीट काढले जाते. सर्वजण एकाच विमानात बसतात, परंतु त्यांची आरक्षणे वेगळी राहतात. उड्डाण रद्द झाल्यास कंपनी त्यांना वेगवेगळ्या विमानांत बसवू शकते. त्यामुळे लहान मुलाचे तिकीट आई किंवा वडिलांच्या आरक्षणातच असणे हिताचे ठरते.

टप्प्यानुसार वाटणी : जाण्याचा प्रवास एका कंपनीच्या आणि परतीचा दुसऱ्या कंपनीच्या मैलांतून केला जातो, किंवा देशांतर्गत टप्पा एका खात्यातून व परदेशाचा टप्पा दुसऱ्या खात्यातून घेतला जातो. दोन टप्पे स्वतंत्र तिकिटांवर असतील, तर पहिल्या विमानास उशीर होऊन दुसरे चुकल्यास दुसऱ्या कंपनीवर पर्यायी आसन देण्याचे बंधन सहसा नसते. सामानही मध्ये उतरवून पुन्हा सुपूर्द करावे लागू शकते. म्हणून दोन टप्प्यांमध्ये पुरेसा अवधी ठेवावा लागतो.

कौटुंबिक खाते : काही कंपन्या कुटुंबाचे मैल एकत्र जमा करू देतात. एमिरेट्स, कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज यांच्या कार्यक्रमांत अशी सोय आहे. ती त्या एकाच कार्यक्रमापुरती मर्यादित असते.

आपल्या खात्यातून दुसऱ्याचे तिकीट काढण्याचे नियमही सर्वत्र सारखे नाहीत. अमेरिकन कंपन्यांचे सभासद कोणासाठीही तिकीट काढू शकतात. क्रिसफ्लायरमध्ये पाच व्यक्तींची नावे आधी नोंदवावी लागतात. एएनएच्या कार्यक्रमात हा लाभ ठरावीक नात्यातील व्यक्तींनाच मिळतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी मुले गावाकडील आईवडिलांना आपल्या मैलांतून तिकीट पाठवू शकतात, ते पहिल्या प्रकारच्या नियमांमुळे.

नावाची नोंद

मैल खात्यावरील, तिकिटावरील आणि पारपत्रावरील नाव जुळणे आवश्यक असते. मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात. अनेक पारपत्रांत पहिले दोन भाग एकत्र लिहिलेले असतात, तर मैल खात्यात मधले नाव गाळलेले असते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे जुने खाते माहेरच्या नावावर राहिल्यास नव्या प्रवासाचे मैल त्यात जमा होण्यास अडचण येते. असे नाव कागदपत्रे देऊन दुरुस्त करून घ्यावे लागते.

विमानतळापासून दूरचे गाव : गडचांदूर

मोठ्या शहराबाहेरील कुटुंबांना मैलांचा हिशेब करताना रस्त्याचा वा रेल्वेचा टप्पाही धरावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील गडचांदूर हे सिमेंट उद्योगाचे गाव याचे चांगले उदाहरण आहे. राजुरा–कोरपना मार्गावरील या गावाच्या परिसरात माणिकगड, आवारपूर आणि उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने असून राज्याच्या व देशाच्या अन्य भागांतून आलेले कर्मचारी येथे राहतात.

चंद्रपूरजवळील मोरवा येथे धावपट्टी आहे, परंतु तिचा उपयोग नियमित प्रवासी सेवेसाठी होत नाही. गडचांदूरहून नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुमारे २०० किलोमीटरवर आहे. दक्षिणेकडे हैदराबादचा पर्याय आहे. तो अधिक दूर असला तरी तेथून परदेशी जाणाऱ्या विमानांची संख्या मोठी आहे. बल्लारशाह हे दिल्ली–चेन्नई मुख्य लोहमार्गावरील स्थानक दोन्ही दिशांना उपयोगी पडते.

नागपूरहून मुंबई व दिल्ली येथे जाणारी विमाने आहेत आणि तेथून आखाती देशांकडेही सेवा चालत आली आहे. दोह्यास जाणाऱ्या कतार एअरवेजच्या सेवेमुळे एव्हिओस खाते असलेल्या कुटुंबास मुंबई टाळून प्रवास आखता येतो. एअर इंडियाचे गुण असलेल्यांना नागपूरहून दिल्ली वा मुंबईमार्गे परदेशापर्यंतचे एकच तिकीट मिळू शकते. अशा एकत्रित तिकिटावर मधले विमान चुकले, तरी पुढील व्यवस्थेची जबाबदारी कंपनीवर राहते. ज्या कुटुंबास घरून निघून विमानतळ गाठण्यासच चार-पाच तास लागतात, त्याला थोडे अधिक मैल देऊनही असे तिकीट परवडू शकते.

मैलांचे मोल

पुरस्कार तिकीट पूर्णपणे विनामूल्य नसते. विमानतळ शुल्क व कर रोख भरावे लागतात. काही कंपन्या इंधन अधिभारही घेतात. अनेक कार्यक्रमांत मांडीवरील तान्ह्या मुलासाठी आंतरराष्ट्रीय प्रवासात मोठ्यांच्या भाड्याचा काही भाग आकारला जातो.

मैल वटवावेत की रोख तिकीट घ्यावे, हे ठरवण्यासाठी सोपा हिशेब करता येतो. रोख भाड्यातून पुरस्कार तिकिटावर भरावयाची रक्कम वजा करून आलेल्या आकड्यास लागणाऱ्या मैलांनी भागावे. समजा, भाडे ९,००० रुपये, कर व शुल्क १,५०० रुपये आणि लागणारे मैल १०,००० असतील, तर एका मैलाचे मोल ७५ पैसे होते. दोन खात्यांपैकी ज्याचे मोल त्या मार्गावर अधिक येते, ते आधी वापरावे. मात्र एखाद्या खात्यातील मैलांची मुदत संपत आली असल्यास त्याला अग्रक्रम द्यावा लागतो.

मर्यादा व धोके

मैल ही बँकेतील ठेवीसारखी मालमत्ता नाही. त्यांवर व्याज मिळत नाही आणि तिकिटास लागणाऱ्या मैलांची संख्या कंपनी वाढवू शकते. क्रिसफ्लायरचे मैल ३६ महिन्यांनी संपतात, तर डेल्टा व युनायटेड यांच्या मैलांना मुदत नाही. सभासदाच्या मृत्यूनंतर काही कार्यक्रमांत मैल वारसांना मिळतात, काहींत ते रद्द होतात.

कंपनी बंद पडल्यास काय घडते, याची तीन भिन्न उदाहरणे भारतात दिसतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली आणि किंग क्लबच्या सभासदांचे मैल व्यवहारात निरुपयोगी झाले. जेट एअरवेजची सेवा १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. पण तिचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे असल्याने तो चालू राहिला आणि त्याच वर्षी त्याचे नाव ‘इंटरमाइल्स’ झाले. विस्ताराच्या सभासदांचे गुण विलीनीकरणानंतर एअर इंडियाच्या कार्यक्रमात वर्ग करण्यात आले. पुढच्या मोठ्या सहलीसाठी वर्षानुवर्षे मैल साठवून ठेवणाऱ्या कुटुंबाचा धोका यामुळे वाढतो.

कायदेशीर बाजू

मैलांवरील हक्क कार्यक्रमाच्या अटींतून येतो आणि या अटी बदलण्याचा अधिकार कंपन्या स्वतःकडे राखतात. नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यात २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व रद्द झालेल्या प्रवाशाचा दावा १९७८ च्या कायद्याचा आधार घेऊन फेटाळला. हिशेबशास्त्रात मात्र न वटवलेले मैल हे कंपनीवरील देणे मानले जाते आणि त्यासाठी तिकिटाच्या उत्पन्नाचा काही भाग बाजूला दाखवावा लागतो.

कार्यालयीन प्रवासातून मिळालेले मैल घरच्या सहलीसाठी वापरावेत का, हा वेगळा प्रश्न आहे. भारत सरकारच्या सूचनांनुसार शासकीय खर्चाने काढलेल्या तिकिटांवरील मैल शासकीय प्रवासासाठीच वापरावयाचे असतात. खाजगी आस्थापनांत हे ज्याच्या त्याच्या सेवानियमांवर अवलंबून असते. जर्मनीत २००२ साली सरकारी प्रवासातील मैल खाजगी कामासाठी वापरल्याचे उघड झाल्यावर ग्रेगोर गीझी यांनी बर्लिन राज्याच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्यामुळे कुटुंबासाठी मैलांची वाटणी करताना प्रत्येक खात्यातील मैल किती आहेत याबरोबरच ते कोणाच्या खर्चातून आले आहेत, हेही पाहावे लागते.